गुळाची ढेप: निवडायची कशी, मुरवायची कशी, चहात घालायची कशी

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत मागे टाकून चौफुल्याकडे निघाले की रस आटत असल्याचा गोडसर, धुरकट वास येऊ लागतो. दौंड तालुक्यातली केडगाव, खुटबाव, राहू, पारगाव ही गावे आणि भीमा ओलांडली की शिरूरकडचे मांडवगण फराटा, वडगाव रासाई, हा सगळा उसाचा मुलूख. पाणी मुठेच्या कालव्याचे, भीमेचे, घोडनदीचे. पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तरी गुऱ्हाळे काही गेली नाहीत. इथला गूळ पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात जातो आणि तिथून आपल्या वाण्याच्या फळीवर येतो.

ढेप घेताना गिऱ्हाईक बहुधा दोनच प्रश्न विचारते. केमिकल तर नाही ना? आणि चहात दूध फुटणार नाही ना? दुकानदार दोन्हींना ‘नाही हो’ म्हणतो आणि वजन करायला घेतो. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: हा गूळ वर्षभर राहील का? खरे तर तोच पहिला विचारायला हवा. जो गूळ वर्षभर राहतो त्यात ओलावा कमी असतो, आंबटपणा कमी असतो आणि त्याचा रंग उसना नसतो. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बरीचशी तिसऱ्यातच मिळून जातात.

जुनी करून वापरायच्या वस्तूंमध्ये चीनच्या युन्नान प्रांतातल्या पुएर चहाचे नाव मोठे आहे. पाने वाफवून त्यांची चकती दाबतात. रूढ चकती ३५७ ग्रॅमची. अशा सात चकत्यांची चळत बांबूच्या पातळ सालीत बांधून ठेवतात. वर्षे जातात तसा तो चहा सूक्ष्मजीवांमुळे आणि हवेमुळे मुरतो, त्याचा तुरटपणा उतरतो. त्या चहाचे शौकीन दोन गोष्टी नेहमी सांगतात. हलका माल जुना केला म्हणून भारी होत नाही; आणि साठवण चुकली तर भारी मालही हातचा जातो. गुळाच्या ढेपेला या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा लागू आहेत.

म्हणून आधी गुऱ्हाळात काय घडते ते पाहू. ढेपेचे बहुतेक गुणदोष तिथेच ठरतात.

सुरुवात उसापासून. पक्व ऊस तोडल्यावर चोवीस तासांच्या आत चरकातून गेला तर उत्तम. तो फडात पडून राहिला, लोळलेला असला किंवा अपक्वच तोडला, तर रसातल्या मूळ साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, प्रमाण कमी पडते आणि तिच्या फुटीतून होणाऱ्या ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या साखरा वाढतात. आपण त्यांना फुटलेली साखर म्हणू. ही फुटलेली साखर हवेतले पाणी ओढते. पावसाळ्यात पाघळणारा गूळ बऱ्याचदा गुऱ्हाळात शिजण्याआधीच बिघडलेला असतो, तो असा.

जमीनही बोलते. कालव्याखाली वर्षानुवर्षे पाणी पिऊन चोपण झालेल्या, खार फुटलेल्या रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि नीट बांधत नाही. दौंडच्या कालवापट्ट्यात अशी राने आहेत. शेतकरी स्वतःच सांगतो की या तुकड्यातला ऊस कारखान्याला आणि त्या तुकड्यातला गुऱ्हाळाला. जातीचे नाव विचारले तर को ८६०३२ हे नाव हमखास ऐकू येते. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने त्या वाणाला ‘नीरा’ असे नाव दिले आहे. गुळासाठी कोसी ६७१ या जुन्या वाणाचेही नाव घेतात.

रस काहिलीत पडतो, खाली चुलवणात चिपाडाचे जळण. (काही ठिकाणी टायर-प्लास्टिक जाळल्याच्या तक्रारी होतात, गुऱ्हाळावर गेलात तर आधी धुराचा रंग आणि वास पाहावा, मग गूळ.) रस मुळात आंबटसर असतो. तो आंबटपणा मोडायला चुन्याची निवळी घालतात. चुना कमी पडला तर गूळ मऊ राहतो, जास्त झाला तर लालसर-काळपट होतो. हे प्रमाण हाताच्या अंदाजाने सांभाळणे हे गुळव्याचे, म्हणजे काहिलीवरच्या मुख्य कारागिराचे, खरे कसब.

मग मळी काढायची. त्यासाठी भेंडीची झाडे ठेचून पाण्यात चोळतात आणि तो चिकट द्राव रसात घालतात. कचरा त्याला चिकटून वर येतो, तो झाऱ्याने काढून टाकतात. हे काम वेळखाऊ आहे. ते टाळले की गूळ मळकट निघतो, आणि मग तो उजळ दिसावा म्हणून हायड्रोस घालायची पाळी येते.

हायड्रोस ही गंधक असलेली पांढरी पूड आहे. ती रंग उडवते. काहिलीत चिमूटभर पडली तरी तांबूस पाक पिवळाधमक होतो, आणि बाजारात पिवळ्या गुळाला भाव आहे. त्यामुळे दोष एकट्या गुऱ्हाळवाल्याचा नाही, आपल्या डोळ्यांचाही आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे गुळात सल्फर डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. ठेवणीच्या दृष्टीने मुद्दा निराळा: हा उडवलेला रंग टिकत नाही. हवा लागली की तो परततो, आणि काही आठवड्यांत सोनेरी ढेप डागाळलेली, काळपट दिसू लागते.

शेवटी पाक उतरवायची वेळ. साधारण १०५-१०६ अंशांना काकवी होते आणि ११८ अंशांच्या आसपास गूळ. गुळव्या मात्र तापमापक वापरत नाही. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का ते पाहतो. घाईने उतरवलेला पाक ओलसर राहतो, रेंगाळलेला करपतो. मग वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या पसरट भांड्यात, ओतून घोटायचा आणि कोमट झाला की साच्यात भरायचा. झाली ढेप.

एक टन उसातून साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ पडतो. हा आकडा लक्षात ठेवावा. उसाचा चालू दर, जळण आणि मजुरी मनात धरून हिशेब केला की कळते, अमुक भावाच्या खाली चोख गूळ परवडणारच नाही. त्या भावाला मिळत असेल तर त्यात स्वस्त साखर विरघळवली असण्याची शक्यता मोठी. सणांच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासनाच्या गुऱ्हाळांवरच्या कारवायांच्या बातम्या येतात, त्यामागे बहुधा हीच भेसळ असते.

आता खरेदी. ती कधी करायची, इथेच पुष्कळांचे चुकते. लोक संक्रांतीच्या आठवड्यात गूळ घेतात, कारण तेव्हा दुकाने गुळाने भरलेली असतात. पण त्या दिवसांत चिक्कीच्या गुळाची आवक मोठी असते. तो मुद्दाम चिकट राखलेला असतो, तिळगुळाला आणि चिक्कीला उत्तम, ठेवायला निरुपयोगी.

ठेवणीची ढेप जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत घ्यावी. ऊस तेव्हा भरलेला असतो, हवा कोरडी असते, आणि घरी आल्यावर पावसाळ्यापूर्वी गुळाला सुकायला दोन-तीन महिने मिळतात. दौंडकडची काही गुऱ्हाळे पावसाळ्यातही धूर सोडतात. तो गूळ रोजच्या भाजी-आमटीला घ्यावा, जुना करायला घेऊ नये.

दुकानात किंवा गुऱ्हाळात गेल्यावर आधी रंग पाहावा, पण बाहेरचा नव्हे. ढेपेचा एक टवका काढायला सांगावे. चांगल्या गुळाचा रंग आतून-बाहेरून जवळजवळ सारखा असतो, मधाच्या गडद छटेपासून तांबूस तपकिरीपर्यंत कुठेही. बाहेर पिवळाजर्द आणि आत निराळा, किंवा अंगावर ठिकठिकाणी गडद डाग, असे दिसले तर पुढे जावे. अगदी काळा गूळ म्हणजे शुद्ध गूळ, ही हल्लीची समजूतही तितकीच भाबडी आहे. करपलेला पाक, जास्तीचा चुना आणि न काढलेली मळी यांनीही गूळ काळाच होतो.

मग तुटणे पाहावे. टवका कडकन निघाला आणि तुटलेल्या जागी बारीक कणी दिसली तर ओलावा कमी आहे. नखाने दाबल्यावर खळगा पडत असेल तर ती ढेप ठेवणीची नव्हे. नियमाने घट्ट गुळात दहा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही, पण वर्षभर ठेवायला त्याहून बराच कमी हवा. उलट, मोठे चकचकीत स्फटिक दिसत असतील आणि टवका दगडासारखा टणक असेल तर साखरेची शंका घ्यावी.

हातावर घासून पाहावे. तळवा चिकट झाला तर पाणी सुटायला सुरुवात झाली आहे.

चव शेवटी. खडा जिभेवर ठेवून विरघळू द्यावा, चावू नये. आधी गोडी, मग किंचित खारट झाक, आणि मागे उसाचा वास, हे ठीक. खारटपणा वरचढ असेल तर तो जमिनीचा दोष. जिभेला आंबट टोक लागले तर ढेप आजच घरी न्यावी इतकीही चांगली नाही. नुसतीच गोडी असेल, मागे काहीच वास नसेल, तर आपण बहुधा साखर चाखत आहोत.

जमल्यास आणखी एक करावे. सुपारीएवढा खडा पेलाभर कोमट पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवावा. थोडा गाळ, चिपाडाचे तुसे दिसणारच. हाताने केलेल्या गुळात ते असते. तळाशी पांढरट चुरा बसला तर खडूची भुकटी असू शकते. दुकानात कोणी अर्धा तास थांबू देत नाही, हे मान्य. म्हणून आधी पाव किलो घ्यावा, घरी पाहावे, आणि पसंत पडला तर दुसऱ्या दिवशी त्याच लॉटमधली ढेप घ्यावी.

आकाराचा प्रश्न यानंतर येतो. बाजारात पावडर आहे, वड्या आहेत, अर्धा-एक किलोच्या भेल्या आहेत, दहा किलोची ढेप आहे आणि त्याहून मोठ्याही. जितका चुरा बारीक तितका हवेला उघडा पृष्ठभाग जास्त, म्हणून पावडर जुनी करायच्या भानगडीत पडूच नये. पुएरच्या चकत्या दाबण्यामागेही वाहतुकीच्या सोयीबरोबर हा फायदा आहे: बाहेरचा थर आतल्याला सांभाळतो. चारजणांच्या घराला एक-एक किलोच्या भेल्या सोयीच्या. एक फोडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही.

घरी आणल्यावर ढेप लगेच डब्यात कोंबू नये. नव्या गुळात वाफ्यातली ऊब आणि ओल अजून असते. ती कोंडली की आतल्या बाजूला पाणी धरते. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळून, मुंग्यांपासून जपून, सावलीत आठ-दहा दिवस ठेवावी. उन्हात मात्र नको. उन्हाने वरचा थर मऊ पडतो आणि मग तोच पाणी धरतो.

पुढचा टप्पा बांधणीचा. आधी कोरडा कागद, त्यावर जाड प्लॅस्टिकची पिशवी, हवा दाबून बाहेर काढून घट्ट गाठ, आणि ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. पूर्वी मातीच्या मडक्यात कापड बांधून, भुशात किंवा धान्यात पुरून गूळ ठेवत. धान्य थोडी ओल शोषून घेते, त्यामुळे ती पद्धत वेडगळ नव्हती. पण आजच्या पिशवीइतकी घट्ट बांधणी तिला साधत नव्हती. जागा घरातली सर्वांत कोरडी हवी. चुलीजवळचे कपाट आणि मोरीला लागून असलेली भिंत, दोन्ही नकोत.

इथे शिरूर-दौंडकरांना निसर्गाने मोठी सवलत दिली आहे. सह्याद्रीच्या आडोशाला असलेला हा पर्जन्यछायेचा भाग. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पावसासाठी आभाळाकडे डोळे लावणाऱ्या शेतकऱ्याला ही सवलत म्हणणे क्रूर आहे, पण गुळाच्या दृष्टीने ती आहे. हीच ढेप चिपळूणला नेऊन त्याच पद्धतीने ठेवली तर श्रावणात पाघळेल.

पुएरच्या बाबतीत हे गणित उलटे आहे. त्या चहाला मुरायला थोडी दमट हवा लागते. हाँगकाँगच्या ओलसर गोदामात तो झपाट्याने मुरतो, कुनमिंगच्या कोरड्या हवेत रमतगमत, आणि कोणता चांगला यावर शौकिनांचे वाद चालू असतात. तेवढीही वाट पाहायची नाही म्हणून कुनमिंगच्या चहा कारखान्यात १९७३ साली ओल्या पानांचे ढीग झाकून, आतल्या उष्णतेने काही आठवड्यांतच चहा मुरवायची रीत बसवली. तिथे जंतूंना आमंत्रण आहे. गुळात जंतूंना दार बंद ठेवायचे आहे. ‘मुरणे’ आणि ‘आंबणे’ यांत गल्लत झाली की गूळ वाया जातो.

मग गुळात जुना होताना घडते काय? ढेप कोरडी असेल तर जंतूंना काम करायला पाणीच मिळत नाही. बदल होतो तो साखर आणि उसातली अमिनो आम्ले यांच्या संथ संयोगाने. भाकरी तव्यावर तांबूस होते त्यामागेही हीच क्रिया आहे, फक्त तिथे मिनिटे लागतात आणि इथे महिने. रंग गडद होत जातो, नव्या गुळाची रसरशीत गोडी थोडी मागे सरते आणि करपट-मधुर अशी खोली येते.

ओल शिरली की मात्र दुसरीच कथा सुरू होते. ढेपेच्या अंगावर पातळ पाक सुटतो, त्यात यीस्ट म्हणजे किण्व वाढते, आंबूस दारूसारखा वास येतो, बारीक फेस दिसतो. हा गूळ जुना नाही, सडका आहे. गावाकडे आंबलेला गूळ आणि नवसागर कुठे जातात ते सर्वांना ठाऊक आहे. चहात तो घालू नये. आयुर्वेदातली आसव-अरिष्टेही गूळ आंबवूनच करतात, पण ती धायटीची फुले घालून, बंद भांड्यात, मोजून-मापून केलेली क्रिया आहे. डब्यात आपोआप झालेल्या बिघाडाला तो मान देता येत नाही.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा डबा उघडावा, तोही उघडीप असलेल्या कोरड्या दुपारी. रोज उघडून पाहण्याची हौस हीच सर्वांत मोठी चूक; प्रत्येक वेळी नवी दमट हवा आत जाते. हात लावून पाहावा, वास घ्यावा. नुसते पाणी सुटले असेल आणि वास स्वच्छ असेल तर घाबरू नये. तो भाग काढून थोड्या पाण्यात उकळावा, गाळावा, जरा आटवून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि चहा-शिऱ्याला आधी तो संपवावा. आंबट वास, बुरशी किंवा फेस दिसला तर चाखूनही पाहू नये.

जुन्या गुळाची महती नवी नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात जुना गूळ पथ्यकर आणि नवा गूळ कफ वाढवणारा, अग्नी मंद करणारा म्हटला आहे. घरोघरी बाळंतिणीच्या लाडवांना जुना गूळ शोधतात तो याच परंपरेने. साधारण वर्षाचा झाला की त्याला जुना म्हणतात. त्यापुढे ठेवण्यात विशेष अर्थ नाही. दोन-तीन वर्षांचा गूळ माझ्या मते नुसता कडवट आणि सपाट लागतो. पुएरसारखी वीस-वीस वर्षांची मातब्बरी त्याच्यात नाही.

आता चहा. आधी एक गैरसमज दूर करू: जुना गूळ चांगला म्हणून जुनी चहा पावडर चांगली, असे नाही. आपली दाणेदार पावडर कारखान्यात पूर्ण तयार होऊन येते. तिच्यात मुरण्यासारखे काही उरत नाही, नुसता वास उडतो. दोन महिन्यांत संपेल एवढीच आणावी. गुळाचा स्वतःचा वास जड असतो, म्हणून त्याच्यासोबत कडक पावडर घ्यावी. नाजूक वासाची दार्जिलिंगची पाने त्याच्याखाली दबून जातात.

भेली फोडायला सुरी वापरू नये, घसरून हात कापतो. कापडात गुंडाळून वरवंट्याने किंवा बत्त्याने हलका ठोका द्यावा, नाहीतर जाड किसणीवर किसावा. आठवड्यापुरता चुरा छोट्या बरणीत काढून ठेवला की मूळ भेली पुन्हा पुन्हा उघडावी लागत नाही.

दोन कपांसाठी सव्वा कप पाणी, पाऊण कप दूध, दोन लहान चमचे पावडर आणि तीन लहान चमचे किसलेला गूळ हे प्रमाण सुरुवातीला धरावे. गूळ साखरेपेक्षा थोडा कमी गोड असतो.

दूध फुटते का, हे एकदा समजून घेतले की धास्ती जाते. ताज्या दुधाचा सामू, म्हणजे आम्लता मोजायचे माप, ६.६ च्या आसपास असतो. (माती परीक्षणाच्या कागदावर शेतकरी हाच शब्द वाचतो.) तो जसा खाली येतो तसे दूध आंबटाकडे झुकते. गूळ थोडा आम्ल असतो, त्यात क्षारही असतात. थंड दुधाला एवढे सहन होते. उकळत्या दुधाला नाही. त्यातले केसीन नावाचे प्रथिन गोळा होते आणि दूध फाटते. चुना कमी पडलेला किंवा ओल लागून आंबटलेला गूळ हे लवकर करतो. शिळे दूध निम्मे काम आधीच करून बसलेले असते.

आल्याचा यात हात असतो, तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे विकर, म्हणजे पचनाला मदत करणाऱ्या जातीचे द्रव्य, असते. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात तर गरम दुधात आल्याचा रस ओतून मुद्दाम दूध गोठवतात आणि तो पदार्थ गोड म्हणून खातात. उकळल्याने हे विकर मरते. म्हणून आले नेहमी पाण्यात, दुधाच्या आधी.

तेव्हा क्रम असा. पाण्यात ठेचलेले आले घालून तीन-चार मिनिटे चांगले उकळावे. पावडर घालून आणखी दोन मिनिटे. मग गूळ, तो पूर्ण विरघळला की गॅस बंद करून गाळून घ्यावे. गाळणे दोन कारणांनी हवे, पावडरीसाठी आणि गुळातल्या तुसांसाठी. दूध दुसऱ्या भांड्यात वेगळे उकळावे. काढा मिनिटभर निवू द्यावा, मग त्यात गरम दूध ओतावे. दोन्ही एकत्र झाल्यावर पुन्हा गॅसवर ठेवू नये.

शेवटचे वाक्य महत्त्वाचे, कारण घरात बहुतेक वेळा फुटते ते इथेच. पाहुणे उशिरा येतात आणि आपण उरलेला चहा तापवायला ठेवतो. पाहुणे यायचे असतील तर काढा आणि दूध वेगवेगळे ठेवावे, दोन्ही वेगवेगळे तापवावे आणि कपातच एकत्र करावे. अमृततुल्यवाल्यांसारखे सगळे एका पातेल्यात खदखदवायचे असेल तर साखरच बरी.

नवी भेली फोडली की पहिल्या दिवशी वाटीभर गरम दुधात छोटा खडा टाकून पाहावा. फाटले तर तो गूळ कोऱ्या चहाला. दूध फाटले म्हणून गूळ भेसळीचा ठरत नाही आणि न फाटले म्हणून शुद्धही ठरत नाही; त्यातून फक्त आम्लता कळते. काहीजण चिमूटभर खायचा सोडा घालतात. दूध वाचते खरे, पण चहाला साबणासारखी चव येते.

जुन्या गुळाची खरी ओळख कोऱ्या चहातच पटते. दूध नाही, आलेही नाही. फिका काढा, जरासा जुना गूळ आणि वाटले तर दोन थेंब लिंबू. पुएरची चकती कधी मिळाली तर तिची पाने एकदा उकळत्या पाण्याने धुऊन ते पाणी फेकावे, मग थोडी थोडी वेळ भिजवून तीच पाने अनेकदा वापरावीत. चिनी लोक त्यात गोड घालत नाहीत. पहिला कप आपणही तसाच प्यावा. दुसऱ्या कपाला जुन्या गुळाचा खडा दाताखाली धरून वर घोट घेतला तर मला तो जास्त आवडतो, शौकीन काय म्हणायचे ते म्हणोत.

आरोग्याबद्दल थोडक्यात. गूळ ही साखरच आहे. मधुमेह असलेल्यांनी ‘गुळाचा आहे, चालतो’ म्हणून दोन कप जास्त घेऊ नयेत. गुळात लोह असते, पण चहातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोह पुरते अंगी लागू देत नाही. रक्त वाढावे म्हणून गूळ खायचा तर तो वेगळा खावा, चहात नव्हे.

पहिल्याच वर्षी दहा किलोची ढेप घेऊ नये. फेब्रुवारीत एकाच लॉटमधल्या एक-एक किलोच्या तीन भेल्या घ्याव्यात, प्रत्येकीवर तारीख आणि गावाचे नाव लिहावे. एक लगेच वापरायला काढावी, दुसरी दिवाळीत उघडावी, तिसरी पुढच्या संक्रांतीनंतर. फरक आपल्या जिभेला जाणवला तर पुढच्या वर्षी मोठी ढेप जरूर ठेवावी. नाही जाणवला तर ताजा गूळ आणून खावा, त्यातही काही कमी नाही.